पांढरा थांबेपर्यंत टाळी नाही

अहो, परवा शिरसाठ सर आले होते. तुमच्या क्यूची पेटी मागायला.

तुम्ही म्हणाल, क्यू म्हणजे साधी काठी नाही, ती कुणाला द्यायची नाही. माहीत आहे मला. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात त्या लांबड्या पेटीवर मी फक्त फडकं मारलं, तिची कडी कधी उघडली नाही. आपली मुक्ता लहान असताना एकदा त्या पेटीवर घोडा घोडा करत बसली, तेव्हा तुम्ही भरल्या ताटावरून उठला होतात. पण सर काही खेळायला मागत नव्हते. हॉलमध्ये स्पर्धा आहे, सुरुवातीला तुमच्यासाठी दोन मिनिटं उभं राहायचं ठरलंय, तेवढ्यापुरती तुमची क्यू टेबलावर ठेवू, असं सगळ्यांचं म्हणणं. मी हो म्हणून टाकलं. तुम्ही असतात तर नाही म्हणाला असतात. पण तुम्ही नाही आहात, आणि सव्वा महिना झाला तरी मला हे पटकन आठवत नाही. अजून दोन कप चहा टाकते मी सकाळी.

चहा घेता घेता सर एक गोष्ट बोलून गेले. अगदी सहज. त्यांना वाटलं, मला ठाऊक असणार. ते ऐकलं आणि माझा कप हातात तसाच राहिला. आपलं अकरा वर्षांचं भांडण त्यांनी एका वाक्यात संपवलं, आणि हार मानायला मी होते, पण जिंकायला तुम्ही नव्हता.

म्हणून लिहायला बसलेय. भांडण काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. "सुमे, वाजलं होतं ना?" असं तुम्ही विचारायचं आणि "काही वाजलं नव्हतं" असं मी ठणकावायचं. पण मी दर वेळी आपल्या सोयीच्या जागेपासून सुरू करायचे. आज पहिल्यापासून सांगते. मध्ये बोलू नका.

येवल्याच्या घरात मी वाढले ती मागाच्या खटखटीत. चार माग एका खोलीत चालायचे. आम्हाला हळू बोलणं माहीतच नव्हतं, हळू बोललं तर ऐकू कुणाला जाणार? आबा पैठणीचा पदर विणता विणता शेजारच्या गल्लीतल्या माणसाशी खिडकीतून गप्पा मारायचे. अशा घरातली मुलगी तुम्ही सातपूरला आणली, आणि लग्नानंतर चौथ्या महिन्यात कॉलेज रोडच्या त्या पूल-बिलियर्ड्सच्या हॉलमध्ये नेऊन पहिल्या रांगेत बसवलीत. पन्नास-साठ माणसं आणि चिडीचूप. दहाव्याच्या जेवणालाही एवढं गप्प कुणी बसत नाही. मला वाटलं, काहीतरी वाईट बातमी आलीय.

मी जरा पदर सावरला आणि हातातला चुडा वाजला. सगळ्या माना वळल्या. तुम्ही टेबलावर वाकलेले होतात, तसेच उभे राहिलात. शिरसाठ सर पंच. तेव्हा केस काळे होते त्यांचे. ते माझ्याकडे बघून हसले, पण हसले ते कसे, लहान पोरानं पाहुण्यांपुढे काही सांडलं की हसतात तसे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डाव संपल्यावर मी बाहेर पॅसेजमध्ये आले आणि रागारागानं बांगड्या उतरवायला लागले. चार महिन्यांचा चुडा. तुम्ही धावत आलात, माझं मनगट धरलंत आणि म्हणालात, "काढायच्या नाहीत. माझ्या खेळासाठी तू बांगड्या काढायच्या नाहीत."

मग खिशातला रुमाल काढलात. क्यूच्या टोकाला लावतात त्या निळ्या खडूनं माखलेला, केवढा मोठा, पुरुषी. तो माझ्या मनगटापासून पार तळव्यापर्यंत गुंडाळलात आणि बुटाच्या नाडीसारखी फुलाची गाठ मारलीत. दुसऱ्या हाताला मित्राचा रुमाल. प्लास्टर घातल्यासारखे दोन्ही हात घेऊन मी परत आत येऊन बसले. लोक बघत होते. मला लाज वाटत होती आणि, आता सांगायला काय हरकत आहे, आतून फार बरंही वाटत होतं.

तेव्हापासून ती आपली रीतच झाली. सामना सुरू व्हायच्या आधी तुम्ही स्वतः दोन्ही रुमाल बांधायचे, सामना संपल्यावर स्वतःच सोडायचे. एक टोक ओढलं की फूल सुटायचं. जिंका की हरा, सोडायला तुम्हीच. मी सोडायचे नाहीत, हे न बोलता ठरलेलं.

एकच दुःख होतं. रुमाल बांधलेल्या हातांनी टाळी वाजत नाही. भद भद, गोधडी झटकल्यासारखा आवाज यायचा. तुम्ही स्पर्धा जिंकायचात, सगळा हॉल कडकडून टाळ्या वाजवायचा आणि तुमची बायको गोधडी झटकायची.

आणि नियम तर तुमचेच. हॉलमध्ये मोठ्या स्पर्धा सुरू झाल्या, पुण्या-मुंबईचे पैशांवर खेळणारे पट्टीचे लोक यायला लागले, तेव्हा तुम्ही आणि सरांनी बसून नियम केले. खेळाडू वाकला की कुणी जागचं हलायचं नाही. क्यूनं मारतात तो पांढरा चेंडू थांबेपर्यंत टाळी नाही, कारण रंगीत चेंडू पडला तरी मागून पांढराही टेबलाच्या भोकात, पॉकेटमध्ये गेला की सगळं मुसळ केरात. आणि तिसरा नियम सगळ्यात कडक. आवाज झाला आणि खेळाडूनं तक्रार केली, तर त्याला तो फटका परत मिळेल आणि ज्याचा आवाज झाला तो माणूस हॉलच्या बाहेर. कुणीही असो. तुमच्या कंपनीतल्या भावशाला वेफर्सचं पाकीट फोडलं म्हणून तुम्ही बाहेर काढायला लावलंत. तुमचा जिवलग मित्र, त्याचाच रुमाल माझ्या डाव्या हाताला होता. तो दोन महिने तुमच्याशी बोलला नाही.

त्यावरून मी तुमच्याशी किती भांडले. म्हटलं, अशानं कुत्रं फिरकणार नाही तुमच्या खेळाकडे. कुस्तीच्या फडात बघा, लोक फेटे उडवतात. कबड्डीत पोरं गळे फुटेस्तोवर ओरडतात. पब्लिकला काहीतरी करायला द्या की. तुमच्या हॉलमध्ये माणूस दोन तास श्वास रोखून बसतो आणि घरी जाताना मान आखडते. तुम्ही शांतपणे ऐकायचात, आणि एकदा जे म्हणालात ते मला पाठ आहे. "सुमे, पैलवानाला पब्लिक ओरडलं की कळतं, लोक आपल्याकडे आहेत. मला ते श्वास रोखतात तेव्हा कळतं." मी म्हटलं, छान. म्हणजे लोकांनी तुमच्यासाठी जीव द्यायचा. तुम्ही हसलात.

पण बघायला मला तुम्हीच शिकवलंत. मी आपली पडणाऱ्या चेंडूकडे बघायची. तुम्ही म्हणालात, पडणाऱ्याकडे सगळेच बघतात, तू पांढरा कुठं थांबतो ते बघ. पुढचा फटका तिथून खेळायचाय. बास, त्या दिवसापासून मला खेळ दिसायला लागला. पांढरा हवा तिथं येऊन थांबला की तुमच्या खांद्यावरनं ओझं उतरायचं ते मला पहिल्या रांगेतून दिसायचं. फॉल-पिकोच्या मशीनवर बसले की डोळ्यांपुढे पांढराच फिरायचा. गिऱ्हाइकाच्या साडीचा फॉल एकदा मी उलटा शिवला होता, ते याच पायी. तुम्हाला सांगितलं नव्हतं.

आता तो दिवस.

अकरा वर्षं झाली. राज्यातली सगळी चांगली माणसं आली होती आणि तुम्ही अंतिम सामन्यात. बेचाळिसाव्या वर्षी. कंपनीतून पाळी बदलून घेत, सुट्टीच्या दिवशी सराव करून. समोर पुण्याचा चष्मेवाला मुलगा, तुमच्या निम्म्या वयाचा. जो नऊ डाव आधी घेईल तो जिंकला, आणि आठ-आठ झाले होते. शेवटच्या डावात त्यानं एक फटका चुकवला तेव्हा टेबलावर फक्त नऊ नंबरचा चेंडू उरला होता. पिवळ्या पट्ट्याचा. तो पाडला की डाव तुमचा, स्पर्धा तुमची, आणि देशाच्या स्पर्धेत जागा तुमची. कोपऱ्याच्या पॉकेटपासून हातभर अंतर. माझ्या समोरचाच कोपरा.

असा चेंडू तुम्ही झोपेत पाडाल, हे मला ठाऊक होतं. सगळ्या हॉलला ठाऊक होतं. लोक इतके गप्प होते की मागच्या भिंतीवरच्या पंख्याचं करकरणं ऐकू येत होतं. तुम्ही क्यूला खडू लावत होतात. आणि माझ्या मनात आलं, आज टाळी खणखणीत वाजली पाहिजे. आज गोधडी नको. आज माझ्या टाळीत चुडा वाजू दे, कळू दे लोकांना की या माणसाची बायको इथं बसलीय.

मी पदराखाली उजव्या हाताच्या रुमालाचं टोक ओढलं. फूल सुटलं. रुमाल मांडीवर घेतला. बांगड्या डाव्या हातानं घट्ट दाबून धरल्या. ठरवलं होतं मी, पांढरा थांबेपर्यंत हात सोडायचा नाही.

तुम्ही वाकलात. क्यू मागे गेली, पुढे आली, मागे गेली. आणि माझा डावा हात आपोआप छातीवर गेला. मी नेला नाही हो. तो गेला.

वाजलं. दोन-तीन बांगड्या मनगटावर घसरल्या, एवढंसं किणकिणलं. तुमची क्यू तेव्हाच सुटली होती. नऊ नंबर पॉकेटच्या एका ओठावर आपटला, दुसऱ्यावर आपटला आणि तोंडाशी येऊन उभा राहिला.

हॉलमधून एकदम "अरेरे" उठलं. त्या आवाजात मी मान खाली घातली आणि रुमाल परत गुंडाळला. दातात एक टोक धरून डाव्या हातानं कशीबशी गाठ मारली. सर टेबलाशी तुमच्याजवळ येऊन काहीतरी बोलले. त्यांनी आमच्या रांगेकडे बघितलं. तुम्ही काहीतरी उत्तर दिलंत. मला ऐकू आलं नाही. मला वाटलं, तुम्ही तक्रार केलीत आणि सरांनी मानली नाही. मग त्या पोरानं येऊन तो नऊ नंबर हलकेच पाडला आणि लोकांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या. भद भद.

खाली पार्किंगमध्ये स्कूटरपाशी तुम्ही माझे रुमाल सोडायला घेतलेत. डावा एका ओढीत सुटला. उजवा सुटेना. तुम्ही नखानं उकरलंत, परत ओढलंत. मी बघत होते ती तुमच्या तोंडाकडे, राग कधी बाहेर पडतो म्हणून. शेवटी तुम्ही पेटीतलं छोटं ब्लेड काढलंत, क्यूचं टोक तासायचं, आणि गाठीच्या बाजूनं रुमाल कापून टाकलात. म्हणालात, "चल, भूक लागलीय." वाटेत आपण मिसळ खाल्ली. तुम्ही माझ्या रश्श्यात लिंबू पिळून दिलंत.

घरी आल्यावर मात्र विचारलंत. पहिल्यांदा, हळूच, दिवा मालवताना. "वाजलं होतं ना?" आणि मी फाडकन म्हणाले, माझे हात बांधलेले होते, तुम्हीच बांधले होते, तुमचा हात हलला तर माझ्यावर ढकलू नका.

चोराच्या उलट्या बोंबा. दुसरं काय.

एकदा खोटं बोललं की ते सांभाळावं लागतं, आणि मी ते फार चांगलं सांभाळलं. तुम्ही सहा महिन्यांनी, वर्षानं, कधी वाढताना, कधी गाडीवर, सहज विचारायचात. मी दर वेळी आदल्या वेळेपेक्षा जास्त चिडायची. आणि चांदवडला तुमच्या आक्कांच्या ओट्यावर, सगळे पाहुणे जमलेले असताना, मी काय केलं ते मला आठवतं तसं तुम्हालाही आठवत असणार. कुणीतरी त्या स्पर्धेचा विषय काढला. मी मोठ्यानं म्हणाले, नाचता येईना अंगण वाकडं, चेंडू यांच्यानं पडेना आणि दोष बायकोच्या बांगड्यांना. सगळे खो खो हसले. तुम्हीही हसलात. पुढे कित्येक वर्षं चांदवडला तुम्ही गेलात की कुणी ना कुणी तुम्हाला "काय, अंगण वाकडं का?" म्हणायचं.

तुम्ही परत कधी अंतिम सामन्यापर्यंत पोचला नाहीत. हे मी कधी मोठ्यानं म्हटलं नव्हतं. आज म्हटलं.

शेवटचं विचारलंत ते जायच्या आठ दिवस आधी. गॅलरीत चहा पीत होतात. "सुमे, आता तरी सांग." मी कुंडीला पाणी घालत होते. मी म्हटलं, नाचता येईना. उरलेलं तुम्हीच पुरं केलंत आणि टॉवेल घेऊन आंघोळीला गेलात. मला तेव्हा वाटलं होतं, सांगून टाकावं. खरंच वाटलं होतं. पण नळ सुरू झाला आणि मी पोळ्या लाटायला गेले.

आता सर काय म्हणाले ते ऐका. तुम्हाला माहीतच आहे, पण माझ्याकडून ऐका. सर म्हणाले, दत्तासारखा खेळाडू झाला नाही, वहिनी. दुसरा असता तर आवाजाचं निमित्त केलं असतं. मी विचारलं, कुठला आवाज? तर म्हणाले, त्या फायनलला पहिल्या रांगेतून काहीतरी वाजलं होतं, किल्ल्या की काय कुणास ठाऊक. मी स्वतः ऐकलं. मी दत्ताला म्हटलं, तू फक्त हो म्हण, फटका परत देतो आणि ज्यानं आवाज केला त्याला बाहेर काढतो. तर हा म्हणाला, कसला आवाज, माझा हात हलला. कोण आहे ते बघायला मी रांगेकडे वळलो, तर हा माझ्या आणि रांगेच्या मधे येऊन उभा राहिला.

पेटी नंतर पोचवते असं सरांना सांगितलं होतं; ते गेल्यावर मी ती उघडली. क्यू हिरव्या कापडात होती, खडूचे दोन तुकडे, ते ब्लेड. आणि झाकणाच्या आतल्या खिशात तो रुमालाचा तुकडा. निळे डाग अजून तसेच. मधोमध गाठ. बसकी, चपटी, मागावर धागा तुटला की जोडताना मारतात ती. आमच्या घरात पाच वर्षांचं पोरही ती डोळे मिटून मारतं. सातपूरला ती गाठ माझ्याशिवाय कुणाला येत नाही. घाईत माझ्या बोटांनी तीच मारली होती आणि मला पत्ताही नव्हता.

तुम्ही फुलाची गाठ मारून गेला होतात आणि परत आलात तेव्हा तिथं येवल्याची गाठ होती. पार्किंगमध्येच कळलं तुम्हाला. कळूनही कापलीत, पेटीत ठेवलीत, आणि माझ्या रश्श्यात लिंबू पिळलंत.

मी त्या पेटीपाशी जमिनीवर बसून तुम्हाला फार शिव्या दिल्या. माहीत होतं तर विचारायचं कशाला दर वेळी? एकदा तो तुकडा माझ्यापुढे टाकला असतात तर काय बिघडलं असतं? मी चिडले असते, रडले असते, आणि मिटलं असतं. तुम्हाला माझ्या तोंडून ऐकायचं होतं. अकरा वर्षं वाट बघितलीत हो, आणि मी पोळ्या लाटायला गेले.

बांगड्यांचं राहिलंच. दहाव्याला रामकुंडावरून आल्यावर आक्कांनी माझे हात हातात घेतले. म्हणाल्या, "दे बाई. लय जीव जळतो, पण रीत हाय." मी हात काढून घेतले. म्हटलं, यांनी आयुष्यभर माझ्या बांगड्या बांधल्या, पण एकदाही काढू दिल्या नाहीत, मी काढणार नाही. आक्का न जेवता चांदवडला निघून गेल्या. मुक्ता मध्ये पडली म्हणून शब्द आणखी वाढला नाही एवढंच.

काल सकाळी हॉलवर जायच्या आधी मी आक्कांना फोन केला. म्हटलं, तुमच्या ओट्यावर मी अंगण वाकडं म्हणाले होते ना, ते खोटं होतं. तुमच्या भावाचा हात हलला नव्हता. माझ्या बांगड्या वाजल्या होत्या, आणि ते त्यांना माहीत होतं. मग आक्का म्हणाल्या, "मंग घालून जाय. भरून घालून जाय."

दोन्ही हातांत डझनभर घातल्या. रुमाल घेतला नाही.

हॉल ओळखू येणार नाही तुम्हाला. म्हणजे येईल, शेवटच्या वर्षी तुम्ही नाक मुरडत गेला होतात तेव्हा जसा होता त्याच्या चौपट. जांभळे दिवे, दणदण गाणी, माइकवर एक पोरगा, "नाशिक, आवाज कुठंय?" म्हणून ओरडणारा. खुर्च्या पुरल्या नव्हत्या. कॉलेजची पोरंपोरी मोबाइल वर धरून उभी. मी म्हटलं होतं ना, आवाज करू द्या, लोक येतील. आले. आणि त्या गर्दीतून मी मुक्ताला घेऊन पहिल्या रांगेकडे चालले तेव्हा बायकांच्या नजरा माझ्या मनगटांवर होत्या. सव्वा महिना झालेली बाई, हिरव्या बांगड्या भरून. एकीनं दुसरीला कोपरानं ढोसलं. हात दाखवून अवलक्षण, असं मनात आलंच. पण मागे वळले नाही.

टेबलावर तुमची क्यू. सरांनी माइक घेतला. गाणं बंद झालं, सगळे उभे राहिले. दोन मिनिटं शांतता.

अहो, काय शांतता होती. ती पोरंसुद्धा गप्प. मोबाइल खाली घेतलेले. तुम्ही म्हणायचात तशी, श्वास रोखलेली. भिंतीवरचा पंखा आता नाही, तरी मला त्याचं करकरणं ऐकू येत होतं. मला कळलं, एवढी माणसं तुमच्याकडे आहेत. हात मी स्वतःच दाबून धरले होते, पोटाशी. एक मिनिट गेलं असेल. न हलता उभी राहिले असते तर सगळं नीट पार पडलं असतं. चहा मिळाला असता, लोकांनी हात जोडले असते, मी घरी आले असते.

मी उजवा हात वर घेतला आणि मोकळा सोडला.

वाजल्या. त्या दिवसासारख्या दोन-तीन नाहीत. सगळ्या.

हॉलभर माना वळल्या. मुक्तानं माझा दंड धरला. सर माझ्याकडे बघत राहिले. आधी गोंधळून, मग त्यांची नजर माझ्या हातावर आली, तिथून क्यूवर गेली, आणि परत माझ्यावर. म्हातारा माणूस, पण पंच तो पंचच. मी म्हणाले, "सर, त्या दिवशीचा आवाज हाच होता."

माइकवाला पोरगा घाईनं म्हणाला, काकू, बसा तुम्ही, पाणी देऊ का. सरांनी त्याला हातानं गप्प केलं. मी त्यांच्या बोलण्याची वाट बघितली नाही. नियम मला पाठ होता. तुम्ही भावशाला लावलात, गुजराथी काकांना लावलात, एका नगरसेवकाच्या पोराला लावलात. मला एकटीला तेवढं सोडलंत. मी पर्स उचलली, मुक्ताला खुणेनं तिथंच थांबवलं आणि दोन रांगांमधून दाराकडे चालू लागले. चालताना बांगड्या वाजत होत्या आणि मी त्या धरल्या नाहीत. सर माझ्या आधी दारापाशी पोचले होते. त्यांनी दार उघडून धरलं. त्यांचे डोळे भरले होते, पण त्यांनी मला थांबा म्हटलं नाही, याचे मी उपकार मानते.

खाली पार्किंगमध्ये आपली स्कूटर लागायची त्या खांबापाशी जाऊन उभी राहिले. उन्हं कलली होती. वर परत गाणी सुरू झाली, माइकवाला ओरडायला लागला, पोरांच्या शिट्ट्या ऐकू आल्या. सामना सुरू झाला असणार. पर्समधून मी तो रुमालाचा तुकडा काढला. ती गाठ मला एका चिमटीत सोडवता येते, येवल्याची आहे मी. सोडवली नाही.

मग जिन्यातून येणारा आवाज एकदम बंद झाला. गाणी नाहीत, शिट्ट्या नाहीत, माइक नाही. कुणी सांगितलं नसणार, आपोआप गप्प झाले सगळे. कुणीतरी वाकलं होतं टेबलावर. मीही खाली तशीच उभी राहिले, हात छातीशी, श्वास रोखून. किती वेळ गेला कोण जाणे.

आणि वरून टाळ्यांचा कडकडाट झाला. म्हणजे पांढरा थांबला होता. मी दोन्ही हात मोकळे केले आणि त्या रिकाम्या पार्किंगमध्ये, तुमच्यासाठी, खणखणीत टाळी वाजवली.